दोहाचा जाहीरनामा आणि डिचोलीची खिडकी

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले की आपण मामलेदार कचेरीत जे फॉर्म भरतो त्यातल्या बऱ्याच फॉर्मांच्या मागे कुठेतरी लांबच्या देशात झालेली बैठक असते, कुणाला याबद्दल विचारायचं असेल तर विचारा. वाटलं दोन-चार पत्रं येतील. आली ढीगभर, व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलवर, आणि पेडण्यातून चक्क दोन पोस्टकार्डं. त्यातले निम्मे प्रश्न "माझे दयानंद योजनेचे पैसे या महिन्यात का नाही जमा झाले" असले होते, त्यांना मी वेगळं कळवलंय. उरलेल्यांतून सात निवडलेत. नावं घालू नका असं बहुतेकांनी सांगितलं म्हणून कुणाचंच घातलं नाही.

प्रश्न: नोव्हेंबरात दोहाला गरीब, वृद्ध, दिव्यांग यांच्यासाठी मोठी जागतिक परिषद झाली असं टीव्हीवर दोन मिनिटं दाखवलं आणि लगेच क्रिकेट सुरू झालं. एवढे देश जमतात, फोटो काढतात. आमच्या वाडीतल्या विधवा बाईला याचा काय उपयोग? पैसे येतात तरी कुणाकडे?
(निवृत्त शिक्षक, साखळी)

गुरुजी, चेक कुणालाच येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

४ ते ६ नोव्हेंबर २०२५ असे तीन दिवस दोहाला सामाजिक विकासाची दुसरी जागतिक शिखर परिषद झाली. पहिली झाली होती मार्च १९९५ मध्ये, कोपनहेगनला. म्हणजे तेव्हा जन्मलेलं पोर आज स्वतःच्या पोराला बालवाडीत सोडायला जात असेल, एवढं मधलं अंतर. कोपनहेगनला ११७ देशांचे राष्ट्रप्रमुख नाहीतर पंतप्रधान जातीने हजर होते, दहा वचनं दिली गेली, आणि त्यांचं सार काढलं तर तीन गोष्टी उरतात: गरिबी घालवायची, हाताला धड काम द्यायचं, आणि कुणाला समाजाच्या पंगतीबाहेर बसवायचं नाही. दोहाच्या जाहीरनाम्यातही हेच तीन खांब आहेत. आपल्याकडून केंद्रीय कामगार मंत्री मनसुख मांडवीय गेले होते.

आता यात एक फरक आहे तो कळला की पुढचं सोपं होतं. जाहीरनामा म्हणजे नवस. देवासमोर, चारचौघांच्या कानावर पडेल असा बोललेला, पण फेडला नाही तर पोलीस येत नाहीत. करार म्हणजे सही-शिक्क्याचा कागद, त्यावर देशाने मान्यतेची सही केली की दर काही वर्षांनी जाऊन हिशेब द्यावा लागतो. आणि त्या करारावरून आपल्या संसदेने कायदा केला की मगच तुमच्या वाडीतल्या बाईच्या हातात काहीतरी पडतं, कारण कायदा घेऊन खिडकीवर भांडता येतं. दोहा म्हणजे नवस. त्यामुळे त्यातून थेट काही मिळेल ही आशा नको.

पैशांचं म्हणाल तर श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाचा ०.७ टक्के भाग मदतीला द्यावा असं युनोत १९७० साली ठरलं. पन्नासहून जास्त वर्षं झाली. पाळणारे कोण, तर नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग, एका हाताची बोटंही पुरी लागत नाहीत. कोपनहेगनला आणखी एक कल्पना निघाली होती, वीस-वीस नावाची, म्हणजे मदत देणाऱ्याने मदतीतला २० टक्के आणि घेणाऱ्या सरकारने बजेटमधला २० टक्के भाग शाळा, आरोग्य, पाणी अशा मूळ गोष्टींवर घालायचा. ऐच्छिक होती. ऐच्छिक म्हटलं की काय होतं ते तुम्ही शाळेत एवढी वर्षं बघितलंय. आणि २०२५ मध्ये तर अमेरिकेने आपली यूएसएड ही मदत संस्थाच गुंडाळली.

आपण मात्र फक्त घेणारे नाही, देतोही, हे फार कुणाला माहीत नसतं. भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी २००४ मध्ये मिळून एक फंड काढला, तिघांनी वर्षाला दहा-दहा लाख डॉलर घालायचे असं. त्याचं पहिलं काम कुठे झालं, तर गिनी-बिसावला, शेती सुधारायला. तो देश पण आपल्यासारखाच एकेकाळी पोर्तुगीजांकडे होता, म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीला नाव तरी ऐकून माहीत असायचं.

राहिली तुमच्या वाडीतली बाई. तिला मिळणारे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे हे गोवा सरकारच्या तिजोरीतले, योजना २००१ ची, त्यात युनोचा छदाम नाही. पण ती बाई एका जागतिक आकड्यात मात्र मोजली जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना म्हणजे आयएलओ बघते की किती लोकांना निदान एक तरी सामाजिक सुरक्षा मिळते. जगात साधारण ५२ टक्के लोकांना मिळते. भारताचा आकडा २०१५ मध्ये १९ टक्के होता तो २०२५ मध्ये ६४.३ वर गेला, आणि त्याचं खूप कौतुक झालं, व्हायलाही हवं. फक्त माझा अनुभव असा की मी दर शनिवारी इथे डिचोलीत लोकांचे फॉर्म भरून देते, आणि आकड्यात आलेली बाई आणि खिडकीवरून "अंगठा लागत नाही, उद्या या" म्हणून परत पाठवलेली बाई ही पुष्कळदा एकच असते.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे, व्हीलचेअरवर असतो. शाळेने रॅम्प केलाय पण तो इतका उभा आहे की दोन माणसं मागून धरायला लागतात, उतरताना तर माझा जीव मुठीत असतो. मुख्याध्यापक म्हणतात "केलाय ना आता". पणजीत दिव्यांगांचा पर्पल फेस्ट होतो, त्याला आम्ही गेलो होतो, मुलगा खूप खूश होता. पण फेस्ट संपला की पुढे काय?
(एक आई, पेडणे तालुका)

बाय, मुख्याध्यापकांना एक गणित घाला. एक फूट चढायला रॅम्प किती लांब हवा? निदान बारा फूट. शाळेच्या ओट्याच्या तीन पायऱ्या धरा, साधारण दीड फूट उंची, म्हणजे अठरा फूट लांबीचा रॅम्प, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. पुढच्या खेपेला टेप घेऊन जा, उंची आणि लांबी मोजा, फोटो काढा. तुमची तक्रार "रॅम्प चांगला नाही" अशी नको, "उंची अमुक, लांबी तमुक, नियम एकास बारा" अशी हवी. पहिल्या तक्रारीला लोक "बघू" म्हणतात, दुसरीला म्हणता येत नाही.

आता हा नियम आला कुठून ते सांगते, कारण तुम्ही कुणाकडे भीक मागत नाही आहात हे कळायला ते लागतं. मेक्सिकोने २००१ मध्ये युनोत प्रस्ताव आणला की दिव्यांगांच्या हक्कांचा वेगळा करार करा. मग समितीच्या आठ बैठका झाल्या, आणि त्यात वेगळेपण असं की टेबलावर नुसते वकील आणि राजदूत नव्हते, स्वतः अंध, बहिरी, व्हीलचेअरवरची माणसं बसून मसुद्यावर वाद घालत होती. आम्हाला सोडून आमच्याबद्दल काही ठरवायचं नाही, ही त्यांची घोषणा. १३ डिसेंबर २००६ ला करार मंजूर झाला. भारताने ३० मार्च २००७ ला, म्हणजे सह्या सुरू झाल्या त्याच दिवशी सही केली आणि १ ऑक्टोबर २००७ ला पक्की मान्यता दिली. मग मात्र आपण नऊ वर्षं लावली, आणि २०१६ साली दिव्यांग हक्क कायदा आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकारचं अपंगत्व धरलं होतं, नव्यात एकवीस धरलंय, त्यात थॅलेसेमिया, ऑटिझम, अ‍ॅसिडहल्ल्यातले लोक असे सगळे आले. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनवरून चार टक्के झालं.

त्या कायद्याचं सोळावं कलम शाळांना लागू आहे. मुलाला प्रवेश देऊन भागत नाही, इमारत आणि आवार त्याला वापरता आलं पाहिजे. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ मध्येच संपली. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुलभतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, किमान एवढं तरी झालंच पाहिजे असे बंधनकारक नियम करा. तर आधी शाळेच्या व्यवस्थापनाला लेखी द्या, पोच घ्या, पंधरा दिवस थांबा, मग पणजीला राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे अर्ज करा, तिथे वकील लागत नाही. मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा, बाकी सगळं त्यावर अडतं.

पर्पल फेस्टबद्दल. जानेवारी २०२३ ला पहिला झाला तेव्हा मी नाक मुरडलं होतं, म्हटलं आणखी एक फेस्टिवल, गोव्यात काय कमी आहेत. गेले आणि गप्प झाले. एवढी व्हीलचेअरवरची माणसं पणजीत एकत्र, रस्त्यावर, हसताना, मी आयुष्यात कधी बघितली नव्हती, म्हणजे ती नव्हती असं नाही, घरात होती. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३ हजारांच्या आसपास दिव्यांग मोजले गेले. कुठे दिसतात ते आपल्याला एरवी? तेव्हा फेस्ट हवाच. पण एका सरकारी इमारतीत (नाव सांगत नाही) मी स्वतः बघितलं की रॅम्प अगदी नियमात बसणारा, देखणा, आणि त्यावर ओळीने कुंड्या मांडलेल्या. विचारलं तर शिपाई म्हणाला, इथे कोण येतच नाही ना मॅडम, मोकळी जागा दिसते म्हणून ठेवल्या.

प्रश्न: माझे मिस्टर मालवाहू बोटीवर आहेत. तीन महिने पगार नाही. बोट आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभी आहे, मालक फोन उचलत नाही, जेवण मोजून मिळतं. एजंट म्हणतो थोडं थांबा. किती थांबायचं? सोडून यावं का?
(वास्को)

हे पत्र मी दोनदा वाचलं. आमचे बाबा तारवटी होते, म्हणजे बोटीवर खलाशी. मी चौथीत असताना त्यांची बोट अशीच एका बंदरात पाच महिने अडकली होती, आईने पाटल्या मोडल्या, आणि बाबांचा पगार शेवटपर्यंत पूर्ण असा मिळालाच नाही. तेव्हा बोलायला जागाच नव्हती. आता आहे, म्हणून नीट वाचा.

आयएलओचा एक करार आहे, सागरी कामगार करार, २००६ चा. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात नंतर भर पडली ती १८ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की मालकाने दोन महिने किंवा जास्त पगार दिला नाही, किंवा घरी पाठवायचा खर्च उचलला नाही, किंवा अन्नपाण्यावाचून ठेवलं, तर त्या खलाशाला "वाऱ्यावर सोडलेला" समजायचं. तुमच्या मिस्टरांचे तीन महिने झाले. म्हणजे थांबण्याची वेळ महिन्याभरापूर्वीच संपली.

अशा वेळेसाठी करार मानणाऱ्या देशांच्या बोटींना विमा किंवा तसलीच आर्थिक हमी ठेवावी लागते, आणि तिचं सर्टिफिकेट बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. मिस्टरांना आजच सांगा की त्याचा फोटो काढून पाठवा. त्यावर हमी देणाऱ्या कंपनीचा पत्ता-फोन असतो. ती कंपनी चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, जेवणखाण, औषधपाणी आणि घरी यायचं तिकीट देते. मालक फोन उचलो वा न उचलो. फोटोबरोबर बोटीचं नाव, आयएमओ नंबर (बोटीचा कायमचा ओळख क्रमांक), आणि कुठल्या देशाचा झेंडा ते पण मागवा. झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा निघाला तर घाबरू नका, मालक तिसऱ्याच देशातला असतो आणि झेंडा स्वस्तात पडतो म्हणून घेतलेला असतो, धंद्यातली नेहमीची रीत आहे. कुठल्या बंदराबाहेर उभे आहेत तेही नक्की विचारून लिहून ठेवा.

मग मुंबईला डीजी शिपिंग म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाकडे तक्रार, आणि आयटीएफ ही जी जगभरच्या वाहतूक कामगारांची युनियन आहे तिच्याकडे ईमेल, दोन्ही एकाच दिवशी. आयटीएफ अशी प्रकरणं आयएलओ आणि आयएमओ म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांच्या जागतिक यादीवर चढवते, आणि एकदा नाव त्या यादीवर आलं की झेंड्याचा देश, बंदराचा देश, खलाशाचा देश, सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं. पणजीच्या एनआरआय आयुक्तालयालाही कळवून ठेवा. एजंटकडे आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा नंबर, मागा. तो परवाना नसेल तर तो एजंटच बेकायदा, आणि असेल तर त्याच परवान्याच्या अटींत त्याच्यावर जबाबदारी येते. नोकरी लावायचे म्हणून त्याने पैसे घेतले असतील तर त्याची पावती, गूगल पेचा स्क्रीनशॉट, जे असेल ते सांभाळा, करारात नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे.

सोडून यायचं का? आत्ताच नको. आधी युनियनशी बोला. आणि "सर्व हिशेब मिळाला" असल्या कुठल्याही कागदावर सही करू नका म्हणावं, तिकीट हातात दाखवून सही मागतात, आमच्या बाबांनी तशीच केली होती. ही उत्तरं मी तुम्हाला फोनवर आधीच सांगितलीत, इथे छापतेय ती दुसऱ्या घरांसाठी.

प्रश्न: कर्नाटक, झारखंडहून येणाऱ्या कामवाल्यांना इथे रेशन, ई-श्रम कार्ड, सगळं देतात. आमच्या टॅक्सवर हे लाड का?
(म्हापसा)

एक देश एक रेशन कार्ड ही सोय गोव्यात जानेवारी २०२० पासून आहे. ती बाई इथे जे धान्य उचलते ते तिच्या गावच्या कार्डावरचं, तिच्याच वाट्याचं, तुमच्या ताटातलं नाही. ई-श्रम ही असंघटित कामगारांची नुसती नोंदणी आहे, २०२१ ची. आणि घरकामगारांसाठी आयएलओचा २०११ चा जो करार आहे, आठवड्याची सुट्टी, ठरलेला पगार वगैरे, त्याला भारताने अजून मान्यताच दिलेली नाही, तेव्हा लाड म्हणावं असं काही चाललेलं नाही.

आणि म्हापशातून हे पत्र यावं याचं जरा हसू आलं. बार्देशात असं घर दाखवा ज्यातलं कुणी दुबई, कुवेत नाहीतर इंग्लंडमधल्या स्विंडनला नाही. आपली माणसं तिकडे "परप्रांतीय"च असतात. त्यांच्यासाठी भारत सरकार एकेका देशाशी सामाजिक सुरक्षा करार करत असतं, म्हणजे तिकडे भरलेलं पेन्शन बुडू नये, दोन्हीकडे कापलं जाऊ नये. पोर्तुगालशी असा करार २०१७ पासून लागू आहे. आखाती देशांशी नाही, म्हणून आखातातला माणूस वीस वर्षं राबून येतो तेव्हा हातात जे मिळालं तेवढंच, महिन्याचं पेन्शन असं काही नसतं. याबद्दल पत्र लिहा, मी पहिल्या पानावर घालायला सांगते.

प्रश्न: मी पूर्ण अंध आहे, एमए मराठी करतोय. अभ्यासाची पुस्तकं मित्र वाचून रेकॉर्ड करून देतात. हे कॉपीराइटमध्ये गुन्हा होतो का? कुणीतरी घाबरवलं.
(फोंडा)

नाही होत. निर्धास्त राहा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्येच दुरुस्ती झाली, अंध किंवा छापील वाचता न येणाऱ्या माणसासाठी पुस्तक ऑडिओ, ब्रेल, कशातही करता येतं, नफ्यासाठी विकायचं नाही एवढंच. आणि मग जून २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला जगाचा करार झाला, की एका देशात असं तयार केलेलं पुस्तक दुसऱ्या देशातल्या अंध वाचकाला पाठवता यावं. त्याआधी हा वेडेपणा होता बघा, की एकाच पुस्तकाचं ब्रेल अमेरिकेत वेगळं, इंग्लंडमध्ये वेगळं, भारतात वेगळं, कारण सीमेपलीकडे पाठवणं बेकायदा. गायक स्टीवी वंडर स्वतः अंध, त्याने सांगून ठेवलं होतं की तुम्ही करार करा, मी येऊन गातो, आणि खरंच जाऊन गायला. या कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश कोण? भारत, २०१४ मध्ये. आपण सगळीकडे मागे असतो असं समजू नका.

तुम्ही सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन लायब्ररीत नाव नोंदवा, त्यात मराठी पुस्तकं पण आहेत, तुमच्या यादीतलं प्रत्येक मिळेल असं मात्र नाही. म्हणून मित्रांची रेकॉर्डिंग फेकू नका. दोन वर्षांनी त्याच विषयाला बसणारा कुणीतरी येईल.

प्रश्न: आम्ही वेळीप समाजाचे. सभांमधून "आदिवासींचे आंतरराष्ट्रीय हक्क" असं खूप ऐकतो. वनहक्काचा आमचा दावा किती वर्षं पडून आहे. त्या आंतरराष्ट्रीय हक्कांचा आधार घेता येईल का?
(काणकोण)

सभेत घ्या, अर्जात नको. खरी परिस्थिती अशी आहे की आदिवासींसाठी आयएलओचे दोन करार आहेत. १९५७ चा भारताने १९५८ मध्ये मान्य केला, पण त्याचा सूर जुना आहे, तुम्हाला हळूहळू "मुख्य प्रवाहात" मिसळून टाकायचं असा. १९८९ चा जो नवा आहे, ज्यात जमीन, भाषा, स्वतःचं ठरवायचा हक्क हे सगळं आहे, त्याला भारताची सही नाही. २००७ मध्ये युनोत मूलनिवासींचा जाहीरनामा आला त्याच्या बाजूने आपण मत दिलं, पण सोबत हेही म्हणतो की स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय मूलनिवासी. म्हणजे वरचा मजला बांधलाय पण तुमच्यासाठी जिना नाही.

तुमचा आधार आपलाच कायदा. गोव्यात गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, धनगर-गवळी अजून झगडतायत. वनहक्क कायदा २००६ चा, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तुम्ही कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत दावा होतो. सॅटेलाइटचा नकाशाच आणा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, नियमात गावातल्या जाणत्या माणसांचं लेखी म्हणणं, जुनी देवस्थानं, पुरण्याच्या जागा, बांध, विहिरी हेही पुरावे म्हणून लिहिलेत. आजोबा हयात असतील तर आजच त्यांचं म्हणणं लिहून घ्या. दावा कुठल्या पायरीवर अडकलाय, ग्रामसभा, उपविभागीय समिती की जिल्हा समिती, हे माहिती अधिकारात विचारा. "पडून आहे" हे उत्तर नाही, कुणाच्या टेबलावर पडून आहे ते कळलं पाहिजे.

प्रश्न: बायकांचे करार, मुलांचे करार, दिव्यांगांचे करार. आम्हा म्हाताऱ्यांचा कुठला करार? वय ७८. घर मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करून दिलं, आता सून बोलतसुद्धा नाही, जेवण दाराशी ठेवून जाते.
(नाव-गाव नको)

आजी, तुमचा करार अजून झालेला नाही. २००२ मध्ये माद्रिदला वृद्धांसाठी कृती आराखडा झाला, तो पुन्हा नवसच. एप्रिल २०२५ मध्ये कुठे युनोच्या मानवी हक्क परिषदेने मसुदा लिहायला गट नेमला. त्यांचं होईपर्यंत तुम्ही थांबू नका.

आपल्याकडे २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. उपजिल्हाधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज द्यायचा, वकील नको. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी लावता येते. आणि घराचं म्हणाल तर याच कायद्याचं तेविसावं कलम आहे, सांभाळ करायच्या अटीवर बक्षीस दिलं आणि सांभाळ केला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे कलम म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने, उदार मनाने वाचा. तेव्हा बक्षीसपत्रात "मला शेवटपर्यंत सांभाळेल" अशा अर्थाची ओळ आहे का, नसेल तर मुलाने वेगळ्या कागदावर कधी लिहून दिलंय का, ते बघून घ्या. मूळ प्रत मुलाच्या कपाटात असेल तर सब-रजिस्ट्रारकडून नक्कल मिळते.

तुम्हाला बाहेर पडता येत नसेल तर १४५६७ वर फोन लावा, सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे पडत नाहीत. सून बाजारात गेली की लावा.